यंत्राला मत नसतं

ब्यॉर्कच्या पहिल्या एकल अल्बमच्या किती प्रती खपतील याचा आडाखा तिच्या कंपनीने आधीच बांधून ठेवला होता. जगभरात मिळून साधारण ४०,०००. 'वन लिटिल इंडियन' ही लंडनमधली छोटी कंपनी. ती चालवणारा डेरेक बर्केट स्वतः पंक बँडमधून आलेला, त्यामुळे हवेत इमले बांधायची सवय नव्हती. ब्यॉर्क ज्या 'शुगरक्यूब्स' या बँडमध्ये गात होती त्याचे चाहते डोळ्यांसमोर ठेवून हा आकडा काढलेला. ५ जुलै १९९३ ला 'डेब्यू' ब्रिटनच्या दुकानांत आला आणि अल्बमच्या यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. तीन महिन्यांत जगभरात सहा लाखांहून जास्त प्रती गेल्या.

हा हिशेब एवढा का चुकला, याचं ठरलेलं उत्तर असं की काळ अनुकूल होता. ते अर्धंच खरं आहे. काळ अनुकूल असलेल्या गायिका तेव्हा लंडनच्या गल्लोगल्ली होत्या. क्लबमध्ये वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताला बाईचा आवाज लागायचाच. स्टुडिओत बोलवायचं, दोन ओळी गाऊन घ्यायच्या, त्या कापून-जोडून ठेक्यावर चिकटवायच्या, की काम झालं. पुष्कळदा त्या बाईचं नाव तबकडीवर यायचंही नाही. ब्यॉर्कने हा व्यवहार उलटा केला. तिने ठेक्यालाच आपल्या चालीच्या कामाला लावलं. त्या चाली काही त्या वर्षी सुचलेल्या नव्हत्या. कित्येक वर्षं त्या बाजूला पडून होत्या, कारण बँडमध्ये त्यांना जागा नव्हती.

ब्यॉर्क गुडमुंड्सदोत्तिरचा जन्म २१ नोव्हेंबर १९६५ चा, आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये. सत्तरच्या दशकात या देशाची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या घरात होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. सरकारी नभोवाणी एकच. दूरदर्शन गुरुवारी बंद, आणि बरीच वर्षं तर जुलैचा अख्खा महिना बंद. संगीतशाळेत पियानो आणि बासरी शिकणाऱ्या या मुलीने शाळेच्या कार्यक्रमात त्या वर्षी गाजत असलेलं एक इंग्रजी डिस्को गाणं म्हटलं. टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह'. शिक्षकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ध्वनिमुद्रण नभोवाणीला पाठवून दिलं. ते देशभर लागलं, ते ऐकून 'फाल्किन' नावाच्या कंपनीने तिच्याशी करार केला आणि डिसेंबर १९७७ मध्ये तिच्या नावाची पहिली तबकडी निघाली. म्हणजे 'डेब्यू'च्या सोळा वर्षं आधी.

इथे जरा थांबायला हवं. 'आय लव्ह टू लव्ह' हे गाणं घडवणारा निर्माता बिद्दू. बंगळूरचा, मुंबईच्या नाइटक्लबांत गाऊन पुढे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लंडन गाठणारा. १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग', १९७६ मध्ये हे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं, आणि १९८० मध्ये 'कुर्बानी'साठी नाझिया हसनच्या आवाजातलं 'आप जैसा कोई', ज्याच्यावर आपल्याकडची लग्नं, गणपती आणि गॅदरिंगं वर्षानुवर्षं नाचली. उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या बेटावरची अकरा वर्षांची मुलगी आणि गिरगावातली पोरं एकाच माणसाच्या ठेक्यावर माना डोलावत होती, याचं श्रेय त्या काळच्या डिस्कोला द्यायला हवं. डिस्कोला नाकं मुरडणाऱ्यांची तेव्हाही कमतरता नव्हती, पण पोहोच म्हणतात ती हीच.

लहानपणीच्या त्या तबकडीवर बहुतेक गाणी दुसऱ्यांची. बीटल्सच्या एका गाण्याचा आइसलंडी अवतारही होता. तिची स्वतःची अशी एकच रचना, तीही शब्दांवाचून, आइसलंडचे थोर चित्रकार योहान्नेस क्यार्वाल यांच्यावर बांधलेली. पुढची पंधरा वर्षं तिने एकट्याने गाणं टाळलंच. आधी शाळकरी पंक बँड, मग 'टाप्पी टिकारास', मग 'कुक्ल'. १९८२ च्या 'रोक इ रेक्याविक' या माहितीपटात ती दिसते, बाहुलीसारखा झगा घातलेली, गालांवर रंगाचे गोल, आणि तोंडातून निघणारा आवाज मात्र छप्पर उडवणारा. 'कुक्ल'चे दोन अल्बम इंग्लंडमधल्या 'क्रास' या कडव्या अराजकवादी मंडळींच्या कंपनीने काढले. बारा गावचं पाणी म्हणतात ते तिने विशीच्या आतच प्यायलेलं होतं.

१९८६ मध्ये 'शुगरक्यूब्स' निघाला. आइसलंडी भाषेत त्याचं नाव 'सिकुरमोलार्निर'. कवी, चित्रकार, प्रकाशक अशा टोळक्याने गंमत म्हणून काढलेला हा बँड. पॉप संगीताची टर उडवावी आणि जमल्यास त्या पैशांतून मित्रांची पुस्तकं छापावीत, एवढाच मनसुबा. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या 'बर्थडे' या गाण्याने घोटाळा केला. लंडनची संगीत साप्ताहिकं या गाण्यावर अक्षरशः लट्टू झाली, आणि ज्याची टर उडवायची तेच होऊन बसण्याची वेळ या मंडळींवर आली. तीन अल्बम झाले. अमेरिका झाली. १९९२ मध्ये 'यू टू'च्या अवाढव्य दौऱ्यात त्यांच्या आधी रंगमंचावर उभं राहणंही झालं. मग त्याच वर्षी दुकान बंद.

त्या बँडचे अल्बम आज ऐकताना एक गोष्ट खटकते. ब्यॉर्कचा आवाज चढत जातो, आता काहीतरी होणार असं वाटतं, आणि नेमका तिथे एइनार ओर्नचा आरडाओरडा मध्ये येतो. तो त्या बँडचा विनोद होता, आणि विनोद सगळ्यांनी मिळून ठरवलेला होता. गाणं बसायचं ते एकत्र, श्रेय जायचं सगळ्यांच्या नावावर. बँड म्हणजे एक प्रकारची ग्रामसभाच. अशा ठिकाणी एकाच्या मनातली चाल जशीच्या तशी पार पडत नाही. ड्रमवाला आपला हात दाखवतो, गिटारवाल्याला आपली जागा हवी असते, आणि त्यात गैरही काही नसतं. ब्यॉर्कने भांडण केलं नाही. किशोरवयात सुचलेली एक चाल तिने तशीच ठेवून दिली. माणसं कशी वागतात हे एखाद्या प्राण्याच्या नजरेने पाहणारी ती चाल पुढे 'ह्यूमन बिहेवियर' झाली. अशा आणखीही होत्या.

याच काळात तिने दोन वाटा गुपचूप चाचपल्या. १९९० मध्ये आइसलंडच्या एका जॅझ त्रिकुटाबरोबर 'ग्लिंग-ग्लो' हा अल्बम केला, जुन्या लोकप्रिय गाण्यांचा. आइसलंडमध्ये तो घराघरात गेला आणि अजूनही वाजतो. दुसरी वाट मँचेस्टरला जात होती. तिथल्या '८०८ स्टेट' या इलेक्ट्रॉनिक गटाशी तिने आपणहून संपर्क साधला. १९९१ च्या 'एक्स:एल' या त्यांच्या अल्बमवर ती दोन गाणी गायली आणि त्या गटातल्या ग्रॅहम मॅसीबरोबर स्वतःच्या चालींवर काम सुरू केलं. मॅसीकडे ठेक्याची यंत्रं, सिंथेसायझर, सॅम्पलर. सॅम्पलर म्हणजे कुठलाही आवाज पकडून हवा तेव्हा, हव्या पट्टीत वाजवून देणारं यंत्र. या यंत्रांचा तिला सर्वांत मोठा फायदा काय झाला असेल, तर ती वाद घालत नाहीत. चाल जशी हवी तशी ठेवतात. लोक म्हणायचे, यंत्रांमुळे संगीतातला माणूस हरवला. ब्यॉर्कच्या बाबतीत अगदी उलट झालं. यंत्रं आल्यावरच तिचं माणूसपण पुरतं ऐकू आलं.

बँड मोडल्यावर ती मुलाला घेऊन लंडनला आली. सुरुवातीला ठरलेला नकाशा वेगळाच होता. प्रत्येक गाण्याला वेगळा निर्माता, वेगळे वादक, असं काहीतरी. त्या टप्प्यातली दोन माणसं अल्बममध्ये टिकली. एक कॉर्की हेल, बिली हॉलिडेच्या काळापासून जॅझमध्ये वावरलेली अमेरिकन हार्पवादक. दुसरा ऑलिव्हर लेक, 'वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट'वाला. मग तिची गाठ नेली हूपरशी पडली. ब्रिस्टलच्या 'वाइल्ड बंच' या साउंड सिस्टिमवाल्या टोळक्यातून आलेला हा निर्माता 'सोल टू सोल'मुळे नावारूपाला आला होता. शिनेड ओकॉनरच्या 'नथिंग कंपेअर्स टू यू'च्या निर्मितीतही त्याचा हात होता. ब्यॉर्कला आधी धास्तीच वाटली. हा माणूस फार गुळगुळीत, फार सुसंस्कृत काम करतो, आपल्या गाण्यांचे कोपरे घासून टाकेल. प्रत्यक्षात दोघांचं इतकं जमलं की ठरलेला नकाशा बाजूला पडला आणि अल्बमचा बराचसा भाग या दोघांनीच उभा केला. काही गाण्यांवर रचनाकार म्हणूनही दोघांची नावं आहेत.

काम कसं चालायचं ते गाण्यांतच ऐकू येतं. 'ह्यूमन बिहेवियर'मध्ये सुरुवातीलाच धम्‌-धम्‌ असा एक घुमणारा पडघमासारखा आवाज येतो आणि गाणंभर पाठ सोडत नाही. तो कुणी स्टुडिओत बसून वाजवलेला नाही; ब्राझीलच्या अँतोनिओ कार्लोस जोबिमची रचना रे ब्राउनच्या वाद्यवृंदाने वाजवली होती, तिच्यातला तुकडा उचलून फिरता ठेवलाय. इतर निर्मात्यांनी अशा तुकड्यावर नेहमीचा क्लबचा ठेका चढवला असता. इथे तो तुकडाच ठेका झालाय, आणि वरची जागा मोकळी आहे. त्या मोकळ्या जागेत ब्यॉर्क काय काय करते ते ऐकण्यासारखं आहे. शब्द मध्येच तोडते, श्वास घेतल्याचं लपवत नाही, वरच्या स्वरावर जाताना आवाज मुद्दाम फाटू देते. आपल्याकडच्या शास्त्रोक्त कानाला हे आधी खुपतं. दोनतीनदा ऐकल्यावर कळतं की फाटलेला भाग चुकून फाटलेला नाही.

चौथं गाणं 'देअर्स मोअर टू लाइफ दॅन धिस' तर लंडनच्या मिल्क बार या क्लबच्या स्वच्छतागृहात ध्वनिमुद्रित केल्याचं शीर्षकातच कंसात लिहिलंय. ठेका धडधडतोय, माणसांचा गलका आहे, आणि मध्येच दार लागतं. ठेका भिंतीपलीकडे जातो, मंद, बोथट, आणि तिचा आवाज एकदम कानाशी येतो. पुन्हा दार उघडतं, पुन्हा गलका. पार्टीतून पळून जायची गोष्ट सांगणारं गाणं आहे, आणि ती गोष्ट त्या दाराने सांगून टाकलीय. त्याच्या लगेच पुढचं गाणं म्हणजे हॉलिवूडच्या जुन्या जमान्यातलं 'लाइक समवन इन लव्ह'. फक्त हार्प आणि गळा. ठेका नाहीच. क्लबसाठी अल्बम काढणारा कुठलाही शहाणा माणूस ही दोन गाणी शेजारीशेजारी ठेवणार नाही.

तिसरं गाणं, 'व्हीनस अ‍ॅज अ बॉय', आपल्याला जवळचं. काचेसारखी टिणटिण, मग तबला, मग व्हायोलिनांचा ताफा. तबला तलवीन सिंगचा. लंडनमध्ये वाढलेला, शाळकरी वयातच तबला शिकायला भारतात येऊन राहिलेला हा मुलगा तेव्हा विशीत होता. इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांना तबला म्हणजे चवीपुरतं मीठ, आणि शुद्ध तबलेवाल्यांना इलेक्ट्रॉनिक म्हणजे भ्रष्टाचार, अशा कात्रीत तो सापडलेला. ब्यॉर्कच्या अल्बमवर त्याने नुसता तबला वाजवला नाही. या गाण्याची आणि 'कम टू मी'ची व्हायोलिनं भारतात, चित्रपटांसाठी वाजवणाऱ्या वाद्यवृंदाकडून करून घेतली. श्रेयनामावलीत तंतुवाद्यांच्या संचालनासमोर साठे हे आडनाव वाचलं की मराठी वाचकाची मान आपोआप वर होते.

ही व्हायोलिनं लंडनमध्ये का केली नाहीत? तिथे वादकांची वानवा नव्हती. पण हिंदी चित्रपटगीतांत व्हायोलिनांची रांग वाजते ती निराळ्या रीतीने. युरोपातला वाद्यवृंद सुरावट वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटून घेतो, एकावर एक थर रचतो. आपल्याकडच्या अरेंजरांनी, त्यात गोव्याहून मुंबईला आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा मंडळींचा वाटा फार मोठा, पाश्चात्त्य थर शिकवले खरे, पण ऐन मोक्याच्या जागी सगळी रांग एकच चाल एकाच गळ्याने गावी तशी वाजवायची, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता मींड घेत सरकायची, ही या मातीची खोड कायम राहिली. 'व्हीनस अ‍ॅज अ बॉय'मध्ये ते सरकणं स्पष्ट ऐकू येतं. गायिका एक ओळ सोडते आणि व्हायोलिनं ती उचलून, जरा लांबवून, तिच्या हाती परत देतात. लता मंगेशकरांच्या गाण्यांवर कान तयार झालेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. लंडनला मात्र तेव्हा हे नवंकोरं होतं.

यातली खरी गंमत, किंवा खरं तर चटका, वेगळाच आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून मुंबईच्या रेकॉर्डिंगमधून हाच ताफा हळूहळू हद्दपार होत चालला होता. साठ-सत्तर वादक एका हॉलमध्ये बसवून एका टेकमध्ये गाणं घ्यायची पद्धत महागडी पडू लागली. कीबोर्डवर बोट ठेवलं की व्हायोलिनांसारखा आवाज निघतोय म्हटल्यावर निर्माते खर्च कशाला करतील? माहीम, दादर, वांद्र्याच्या चाळींत आणि वाड्यांत राहणाऱ्या कित्येक वादकांची रोजी त्या कीबोर्डने खाल्ली. म्हणजे त्याच सुमारास मुंबई जिवंत व्हायोलिनं सोडून यंत्राकडे निघाली होती, आणि लंडनची यंत्रवाली माणसं जिवंत व्हायोलिनं शोधत इकडे येत होती. यंत्र दोन्हीकडे तेच. एका ठिकाणी ते माणसाच्या बदली आलं, दुसऱ्या ठिकाणी माणसाला बोलावणं धाडायला. ब्यॉर्कच्या हातचं यंत्र दुसऱ्या जातीचं होतं.

सगळीच गाणी या उंचीची नाहीत. 'क्राइंग' आणि 'वन डे' आज त्यांच्या सालात अडकल्यासारखी वाटतात. कीबोर्डचे काही आवाज तर दुकानातून आणलेल्या दिवशी होते तसेच वापरलेत. 'बिग टाइम सेन्शुअ‍ॅलिटी' अल्बमवर आहे त्यापेक्षा 'फ्लूक' या गटाने केलेल्या रूपात जास्त धारदार आहे, आणि व्हिडिओत वापरलं गेलं तेही तेच रूप. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून उघडा ट्रक चाललाय, त्यावर ही बाई एकटी नाचतेय, कृष्णधवल. बस्स. स्तेफान सेदनाऊईने याहून जास्त काही केलं नाही आणि करायची गरजही नव्हती. 'ह्यूमन बिहेवियर'साठी मिशेल गाँद्रीने अस्वल, जंगल आणि खेळण्यातलं वाटावं असं झोपडं उभं केलं. दोघांच्या लांब चाललेल्या जोडीची ती सुरुवात. 'व्हीनस'च्या व्हिडिओत ती स्वयंपाकघरात अंड्यांशी खेळते. ब्यॉर्कला अंडं पाण्यात सोडून शिजवलेलं, मऊ हवं होतं. दिग्दर्शिका सोफी म्यूलरने तव्यावर तळलेलं दाखवलं. ब्यॉर्कने ही तक्रार पुढे मुलाखतीतही बोलून दाखवली. एका अंड्याबद्दल इतकी आग्रही असलेली बाई चालींबद्दल किती असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

शेवटच्या 'द अँकर साँग'मध्ये तर यंत्र बंदच करून टाकलंय. ऑलिव्हर लेकच्या मांडणीतले सॅक्सोफोन आणि ती. सॅक्सोफोन बोटीच्या भोंग्यांसारखे आळीपाळीने वाजतात, तालाला कुणीच नाही, आणि ती समुद्राकाठच्या आपल्या घराविषयी गाते. नाचायला आलेल्यांना घरी पाठवायची ही तिची तऱ्हा.

समीक्षकांत फूट पडली. लंडनच्या 'एनएमई' साप्ताहिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'डेब्यू' निवडला. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन'ने पाचांपैकी दोन तारे दिले आणि हूपरने स्वस्त इलेक्ट्रॉनिक करामतींखाली एका चांगल्या गायिकेची माती केली, असा सूर लावला. तिथे यादीत तो ६१ च्या वर चढला नाही. अमेरिका तेव्हा ग्रंजमध्ये बुडालेली. गिटार म्हणजे प्रामाणिकपणा आणि यंत्र म्हणजे लबाडी हा तिथला श्रद्धेचा भाग होता. समीक्षकाला वाटलं की निर्मात्याने यंत्रं गायिकेवर लादली. ती यंत्रं शोधत गायिका स्वतः मँचेस्टरपर्यंत गेली होती, हे त्याच्या गणितात नव्हतं. निर्माता पुरुष, गायिका बाई असली की डोकं त्याचं आणि गळा तिचा, ही समजूत संगीताच्या धंद्यात फार जुनी आहे. ब्यॉर्कने पुढे कित्येक मुलाखतींत या समजुतीशी डोकं फोडून घेतलं. आपल्याकडच्या संगीत दिग्दर्शिकांना विचारलं तर त्याही वेगळं सांगणार नाहीत.

फेब्रुवारी १९९४ मध्ये ब्रिट पुरस्कारांत तिला दोन बक्षिसं मिळाली. सर्वोत्तम परदेशी गायिका, आणि सर्वोत्तम परदेशी नवोदित. नवोदित! त्याच रात्री पीजे हार्वेबरोबर तिने रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' गायलं, इतकं मोजकं आणि ताणलेलं की सभागृहातल्यांना मूळ गाणं ओळखायला एक क्षण लागावा.

दौऱ्यावर निघायचं तर माणसं लागणारच होती. पण ही माणसं तिने एकेक करून निवडली. तलवीन सिंग तबल्यावर, इराणहून लंडनला आलेली लैला अरब आणि गाय सिग्सवर्थ कीबोर्डवर. मतदान नव्हतं. तलवीनने पुढे १९९५ मध्ये लंडनमध्ये 'अनोखा' ही क्लबची रात्र सुरू केली. तबला आणि इलेक्ट्रॉनिक ठेका यांचं भांडण तिथे दर आठवड्याला नाचून मिटवलं जायचं. १९९९ मध्ये त्याच्या 'ओके' या पहिल्या अल्बमला मर्क्युरी पारितोषिक मिळालं.

आणि ब्यॉर्कचा साठा संपलेला नव्हता. जून १९९५ मध्ये 'पोस्ट' हा पुढचा अल्बम आला, तेव्हा त्यातलं पहिलंच गाणं 'आर्मी ऑफ मी' हे 'डेब्यू' बाजारात यायच्या आधीच ग्रॅहम मॅसीबरोबर बांधून तयार होतं. 'द मॉडर्न थिंग्ज'ही तेव्हाचंच. जगातली यंत्रं फार पूर्वीपासून डोंगरात दडून आपली पाळी यायची वाट पाहत होती, अशी त्या गाण्यातली कल्पना. दोन्ही गाणी पहिल्या अल्बममध्ये सहज बसली असती. तिने ठेवून दिली.